तीन महिन्यांची साखर

तिनं गादीत कात्री खुपसली आणि पायथ्यापर्यंत टराटरा फाडत नेली. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या बाईचा हात तो, रोज जाड रेक्झिन कापणारा; म्हाताऱ्याच्या गादीची काय कथा. कापूस खोलीभर झाला. आत काही नव्हतं.

"कुठं ठेवलंय?"

बाप भिंतीशी खुर्चीत बसला होता. काही ठेवलेलं नाही, म्हणाला. दुपारपासून हे एकच पालुपद चाललं होतं आणि दर वेळी तिचं डोकं आणखी फिरत होतं.

फिरणारच. सकाळी डॉक्टरांनी तिलाच फैलावर घेतलं होतं. बापाची तीन महिन्यांची सरासरी साखर सातावरून साडेआठावर गेली होती. रोज सकाळी ती स्वतः त्याच्या बोटाला सुई टोचायची, यंत्रावर आकडा बघायची, आणि आकडा चांगला यायचा. मग तीन महिन्यांचाच तेवढा वाईट कसा? डॉक्टर म्हणाले, तुमची पाठ वळली की खात असतील, घरात जरा लक्ष द्या. तिला ते पटलं. सकाळी शहाण्यासारखं बोट पुढे करायचं आणि ती कामावर गेली की चरायचं, दुसरं काय! याच साखरेपायी गेल्या वर्षी त्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. पट्ट्या तिनंच बदलल्या होत्या. तो वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. आता अख्खा पाय जाणार, हे ती धरूनच चालली होती.

स्वयंपाकघरातले डबे तिनं फरशीवर उपडे केले. तांदूळ, पीठ, मीठ, सगळं एक झालं. कपाट झालं, कोटाचे खिसे झाले, बुटांच्या आत हात घालून झाला. काही म्हणजे काही सापडेना. सापडलं असतं तर ती कदाचित थांबलीही असती. ती बापाकडे वळली.

"तोंड उघड."

आजवर बापाला अहो-जाहो करणारी पोरगी ही. एके काळी हा माणूस ट्रक लावून दारात नुसता खाकरला तरी घर चिडीचूप व्हायचं. आज त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. तिनं जबडा धरला, दोन बोटं गालात घातली, दाढांमागून फिरवली आणि नाकाशी नेऊन हुंगली. म्हातारा ओकारी येऊन पुढे वाकला.

"अगं, शपथ घेऊन सांगतो," तो म्हणाला.

शपथ ऐकली आणि तिचा तोल गेला. एक सणसणीत कानाखाली बसली. दुसरी बसली. तिसऱ्या वेळी तिच्या हातात डब्याचं झाकण होतं, ते थेट ओठावर बसलं. म्हातारा खुर्चीसकट आडवा झाला. तिनं कॉलरीला धरून उचलायला पाहिलं, तर शर्टाचा तुकडा फाटून तिच्या हातात आला आणि तो पुन्हा खाली. उठायची ताकदच नव्हती त्याच्यात. महिनाभर हे असंच चाललं होतं. चार पायऱ्या चढला की धापा, नाहीतर दिवसभर पडून. तिला वाटायचं, ही सगळी साखरेचीच करामत.

"मरायचंय ना तुला? मग एकदाच मर. असा तुकड्यातुकड्यानं मरू नकोस, मला नाही आता बघवत." ती रडत होती आणि तिचं तिला कळत नव्हतं.

फोन वाजला. डॉक्टर होते. तिनं फोन सांडलेल्या पिठात ठेवला आणि स्पीकर लावला.

डॉक्टरांचा सकाळचा तोरा उतरला होता. बाकीच्या तपासण्या आत्ता हातात आल्यात, म्हणाले. वडिलांच्या अंगात रक्त फारच कमी आहे, लोह तर जवळजवळ नाहीच. लोह असं आटलं की रक्तातल्या जुन्या पेशी जास्त दिवस राहतात, त्यांच्यावर साखर साचत जाते आणि तीन महिन्यांचा आकडा उगाच फुगतो. रोजचं यंत्र खरं तेच सांगत होतं.

"साखर ठीक आहे त्यांची. पथ्य पाळलंय त्यांनी. सकाळी मी बोललो ते विसरा. पण रक्त कुठून तरी जातंय, बहुतेक पोटातून. त्यांना लगेच घेऊन या."

फोन बंद झाला. ती बापाशेजारी फरशीवर बसली. त्याच्या ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं, तिथून फाटक्या शर्टावर. आधीच अंगात रक्त नाही आणि होतं तेही तिनं सांडलं होतं. आपले हात तोडून टाकावेत असं तिला वाटलं. तिनं फडकं घेतलं आणि ओठावर दाबून धरलं.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं फडकं बाजूला सारलं आणि तिचा हात हातात घेतला.

"खाल्लं होतं मी," तो म्हणाला. "दोन-तीनदा. तू कामावर गेल्यावर. त्या डॉक्टरला काय कळतंय."

ते खरं निघावं म्हणून तिचा जीव तुटत होता.

"काय खाल्लंत, अण्णा?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, पण एकाही गोड पदार्थाचं नाव त्याला आठवेना.