वीतभर जागा

निवडणूक तोंडावर आली आणि नगरसेवक हॉफस्ट्रा बूट काढून चक्क आमच्या मशिदीत शिरले. हॉलंडमधल्या या गावात आजवर आम्हाला ‘ते लोक’ म्हणणारा हा माणूस मला ‘इल्हानभाऊ’ म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

“गर्भपातबंदीच्या अर्जावर सही करा. पोटातलं मूल पहिल्या दिवसापासून माणूसच असतं. तुमचा धर्म काय वेगळं सांगतो?”

“आमचे बरेच जाणते म्हणतात, त्यात रूह, म्हणजे आत्मा, चार महिन्यांनी येते. आणि आईच्या जिवावर बेतलं, तर आई आधी.”

“अहो, ते मागाहून बघू. सही करा.”

“आधी तुम्ही माझ्या अर्जावर करा. परवा माझी लेक पाचव्या महिन्यात बायकोच्या पोटातच गेली. तिचं नाव निसा ठेवलं, तिला न्हाऊ घातलं, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. आता पुरायला गावच्या दफनभूमीत वीतभर जागा हवी. आमच्या लोकांना तिथं जागा नको म्हणून तुमचाच पक्ष अडून बसलाय.”

हॉफस्ट्रांनी अर्ज वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

“काहीतरीच काय, इल्हानभाऊ! तिला कबर कशाला? ती तर जन्मलीच नव्हती!”