घोड्याची सवय

थकलेल्या नवऱ्याला विश्रांती मिळावी म्हणून वसुंधरानं माथेरानखालच्या जंगलात राहायचा बेत केला. घोड्यांवर सामान लादून नेलं, तंबू ठोकले. पण तंबूतही प्रभाकर बँकेच्या ऑडिटबद्दलच बोलत राहिला. परतताना पनवेलची शेवटची एसटी गाठायची घाई होती आणि त्याचा घोडा कड्यापाशी थांबला.

"चल ना रे बाबा! सकाळी ऑडिट आहे माझं."

"नाय हलायचा तो," घोडेवाला बळीराम म्हणाला. "आधी माथेरानला लोकांना पॉइंट दाखवायचा. तुमी उतरून दरी बघितल्याबिगर पुढं जायचा नाय."

प्रभाकर चरफडत उतरला आणि कड्याशी जाऊन उभा राहिला.



थोड्या वेळानं घोडा आपणहून चालू लागला. प्रभाकर मात्र दरी बघत तिथंच खाली बसला.