उडीचं बटण

श्रीनिवासचा जीव थाऱ्यावर नव्हता. पुण्यात बाबांना अ‍ॅडमिट केलेलं, दादा एकटा धावपळ करतोय, आणि इकडे परदेशात, सेंगकांगमध्ये, याचं तिकीट काढायचं काही ठरेना. मन रमवायला त्याने लहानपणच्या कॉम्प्युटरवरचा गेम, जुने गेम चालवणारा एमुलेटर टाकून, लॅपटॉपवर लावला. पहिल्याच खड्ड्यात पडला. स्पीड कमी केला, बटणं बदलली. पुन्हा तोच खड्डा.

"पप्पा, जम्प लाह! नुसतंच काय रन करताय?" लेक अश्लेषा तिथल्या शाळेतला 'लाह' लावत वैतागली.

"लहानपणी तर शेवटपर्यंत जायचास म्हणे," उल्का, त्याची बायको, हसली.

"तेव्हा एकाच कीबोर्डवर आम्ही दोघं असायचो." श्रीनिवासने लॅपटॉप मिटला. "उडी दादा मारायचा. मी नुसता पळायचो."