कान तुटलेला कप

मोबाइल फोटोग्राफीच्या स्पर्धेचा विषय होता, 'घरातली साधी वस्तू'. देवपूरच्या ऋतुजाला घरात मनासारखं काही सापडेना. शेवटी बाहेर पोर्चच्या कठड्यावर पालथा ठेवलेला, कान तुटलेला कप तिच्या नजरेत भरला.

"काढ फोटो, पण त्याला हात लावू नकोस हं," आई आतून म्हणाली.

मग ऋतुजाच फरशीवर आडवी झाली. कप एका कोपऱ्यात घेतला, बाकीचा कठडा रिकामा सोडला, फोकस तुटक्या कानावर धरला आणि मागचं घर धूसर केलं.

जळगावच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. "वस्तू जागची न हलवता तिचं एकटेपण पकडलंय," परीक्षक भरभरून बोलले. बाबांनी फोटो मोठा करून आणला, फ्रेम केला आणि हॉलमध्ये देवघराशेजारी लावला.

दुसऱ्या दिवशी झाडलोटीला येणाऱ्या आक्काबाईंनी "उनू वं माय," अशी आल्याची हाक दिली आणि अंगण झाडून त्या नेहमीसारख्या पायरीवर बसल्या. कठड्यावरचा कप त्यांनी स्वतःच विसळून पुढे केला. आईने वरूनच त्यात चहा ओतला आणि मोठ्या हौसेने दार सताड उघडलं.

"आक्काबाई, तुमच्या कपाला बक्षीस मिळालं बरं का! बघा ना, तिथूनच बघा, छान दिसतो."

आक्काबाईंनी मान उंच करून आतल्या भिंतीकडे पाहिलं. चहाचा एक घोट घेतला.



"चला, कप तरी घरमा उना."