शेठला न कळणारी बोली

मुरबाडकडून कामाला आलेल्या कातकरी मजुरांचं बोलणं तपासणीच्या सरकारी साहेबांना मराठीत सांगायला संस्थेनं मला नेलं होतं. बिनपगारी काम. शहापूरजवळची ही वीटभट्टी मात्र मी मागून घेतली होती.

शेठ खुर्चीत रेलून हसला. "विचारा खुशाल. मला यांची बोली कळत नाय. कधी कळलीच नाय."

मजुरांतल्या चांगोनं शेठकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून आमच्या बोलीत सांगितलं, की इथं सगळं बरं आहे, काही तक्रार नाही.

मी साहेबांना म्हणाले, "तो म्हणतो, पोरगा तापानं फणफणला होता, तरी शेठनं दवाखान्यात नेऊ दिला नाय. पोरगा गेला."

शेठ ताडकन उठला. "खोटं बोलते ही! सगळं बरं आहे, तक्रार नाय, असं म्हणाला तो!"

साहेब शेठकडे बघतच राहिले.

"शेठ बरोबर सांगतात, साहेब. असंच म्हणाला तो," मी म्हणाले. "तो पोरगा माझा भाऊ होता. आई याच भट्टीवर, याच बोलीत विनवत शेठच्या पाया पडत होती. तेव्हा शेठ म्हणाला, 'काय बोलते ही, कळत नाय.'"