चवीपुरतं

संपादकबाईंनी लेखिकेची कथा परत केली. "नवरा-बायको अगदी हुबेहूब उतरलेत. पण अगं, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. या दोघांत ते लागतच नाही, मग गोष्ट पुढे सरकणार कशी?"

आता भांडण काही हवेतून लिहिता येत नाही. म्हणून लेखिकेनं ते स्वतःच्याच घरात पेटवायचं ठरवलं. भाजीत चांगलं मूठभर मीठ घातलं, नवऱ्याला वाढलं आणि कान टवकारून त्याच्यासमोर बसली.

पहिल्या घासाला तो थबकला. मग घोटघोट पाणी पीत त्यानं निमूटपणे सगळी भाजी संपवली.

"कशी झालीय?" तिला राहवेना.

"छान."

"छान काय? तोंडात घालवत नाहीये ती! ओरड की माझ्यावर!"

"आता कशाला उगाच?" तो म्हणाला, तेही अगदी मऊ आवाजात.

मग उठून त्यानं आपलं ताट घासलं, पुसलं, आणि मांडणीत तिच्या ताटाला लागणार नाही अशा बेतानं, जरा लांबच ठेवून दिलं.