पहिल्या पायरीच्या आधी

आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या पाककृतींची पुस्तिका वाटायचं ठरलं. मी लेटेक या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांची पानं जुळवते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्यात कृतीच्या पायऱ्यांना क्रमांक आपोआप पडतात, एकपासून. मी आकडे देवनागरी करून घेतले आणि सुरुवात शून्यापासून ठेवली.

धाकटा भाऊ उन्मेष चहाचा कप घेऊन मागे उभा होता. भुट्ट्याच्या किसापासून पुरणपोळीपर्यंत प्रत्येक कृतीत शून्य आहे आणि त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही, हे बघून तो हसला.

"ताई, ये क्या है? भुट्टे किसायच्या आधी काय करायचं, मंडीत जायचं?"

"राहू दे ते."

"अगं, मामी सगळ्यांसमोर चूक काढतील. शून्य हटव, एकपासून घे."

मी विचारलं, "तू पुण्याच्या हॉस्टेलमधून फोन करून खिचडी कशी करायची विचारायचास, तेव्हा आई सुरुवात कुठून करायची?"

"तांदूळ धुण्यापासून," तो म्हणाला, आणि थांबला. "नाही यार. त्याच्या आधी ती..."

कप खाली ठेवून त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि पहिल्याच कृतीच्या शून्यापुढे टाइप केलं.



०. जेवलास का?